तिसऱ्या नळाची बिअर

माझे वडील चौतीस वर्षं रोज सकाळी दहा वाजता बिअर प्यायचे आणि त्याचा त्यांना पगार मिळायचा. हे मी शाळेत असताना एकदा निबंधात लिहिलं. बाईंनी आईला बोलावून घेतलं. आईनं शांतपणे सांगितलं की ते पीत नाहीत, चव बघतात, आणि दिवसभराची सगळी मिळून अर्धा पेलासुद्धा होत नाही. बाईंचं त्यानं फारसं समाधान झालं नाही.

बाबा एका मोठ्या कंपनीच्या बिअर कारखान्यात चवीच्या खोलीत होते. खोली पांढरी, खिडकी नाही, भिंतीवर कॅलेंडरसुद्धा नाही. समोर तीन पेले ठेवलेले असायचे. दोनांत आधीच्या टाकीतली बिअर, एकात आजची. आजची कुठली हे बाबांना ओळखू आलं, तर आजची टाकी परत. ओळखू आलं नाही, तर कारखान्याचं काम चोख. म्हणजे जगात बहुधा माझे बाबाच असे, की ज्यांना जमलं नाही की बाकी सगळे खूश व्हायचे.

ह्या नोकरीची झळ आम्हाला घरी लागायची. वासाचा साबण नाही, अत्तर नाही, केसांना लावायचं तेल बिनवासाचं, संध्याकाळी कच्चा कांदा नाही. जेवणानंतर बाबा टेबलावर पाण्याचे पाच पेले मांडायचे, प्रत्येकात चिमटीनं कमीजास्त मीठ घातलेलं, आणि मला ते क्रमानं लावायला सांगायचे. इतर मुलींचे वडील गोष्टी सांगत. बाबांची सगळ्यात मोठी शाबासकी होती, 'कालच्यासारखं झालंय.' आईच्या स्वयंपाकालाही हीच. ही तारीफ आहे हे आईला पटायला दहा-बारा वर्षं गेली. ते निवृत्त झाले त्याच दिवशी आईनं गुलाबाच्या वासाच्या साबणाच्या सहा वड्या घरी आणल्या.

नवऱ्याचं वेगळं. लग्न झालं तेव्हा तो विमा कंपनीत कॉम्प्युटरवर काहीतरी करायचा. काय करायचा ते मला सात वर्षांत कळलं नाही, आणि त्यालाही कळलं नसावं, कारण एक दिवस तो ते सगळं सोडून घरी आला आणि म्हणाला, मला हातांनी काहीतरी करायचंय. मी म्हटलं, भांडी पडलीत. पण त्याला बिअर करायची होती.

आधी दाढी वाढली, बिअर मागाहून आली. पहिली आमच्या स्वयंपाकघरात, दुसरी न्हाणीघरात, आणि मी दम भरल्यावर तिसरी शेडमध्ये. ही शेड एका जुन्या आवारात आहे. पूर्वी तिथं चामडं कमवत असत. आता एका ट्रस्टनं ते आवार हातानं काम करणाऱ्यांना भाड्यानं दिलंय. आमच्या डाव्या हाताला मेणबत्तीवाली, उजव्या हाताला पिशव्या शिवणारा, समोर लाकडी चमचे. त्या चमच्यानं जेवणारा माणूस मला अजून भेटायचाय.

शेडच्या भिंतीवर नवऱ्यानं स्वतः मोठ्या अक्षरांत रंगवलं: 'कारखान्यात बनतं ते पेय. हातातून उतरते ती बिअर.' अक्षरं फार सारखी आली म्हणून दुसऱ्या दिवशी त्यानं ती पुसून मुद्दाम वेडीवाकडी काढली. त्या भिंतीचा फोटो मी कौतुकानं आईला पाठवला. उद्घाटनाला बाबा आले नाहीत, गुडघा दुखतो म्हणाले. ही भिंत कुणाबद्दल बोलतेय हे माझ्या डोक्यात तेव्हा शिरायला हवं होतं. शिरलं नाही.

आमच्याकडे नळ तीन. पहिल्याचं नाव 'कुणाचीच नसलेली संध्याकाळ'. दुसऱ्याचं 'साधी', कारण त्या दिवशी नवऱ्याला काही सुचत नव्हतं. तिसऱ्याचं 'विसरलेली खोली'. सुरुवातीला तिन्ही सारख्याच खपायच्या, म्हणजे जवळजवळ नाहीच. तिसऱ्या महिन्यात एक गिऱ्हाईक आलं. उन्हाळ्यातही कानटोपी घालणारा, बिअर पिऊन त्यावर इंटरनेटवर लिहिणारा माणूस. त्यानं 'विसरलेली खोली' घेतली, डोळे मिटले, आणि रात्रीतून लिहिलं की आधी चामडं लागतं, मग ओला घोडा, आणि शेवटी आपण कधीच न पाहिलेल्या एका गोठ्याची आठवण येते. त्या शनिवारी आमच्या दारात रांग लागली. गोठ्याच्या आठवणीसाठी माणसं इतकी आसुसलेली असतात हे मला माहीत नव्हतं.

बाबा आले ते त्यानंतर, आणि गुलाबाच्या साबणाला कंटाळून आले. दहाला घरात बसवत नाही म्हणाले. दारात उभं राहून त्यांनी भिंत वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. मग तिन्ही नळांचा एकेक घोट घेतला. तिसऱ्याचा घोट तोंडात जरा वेळ धरला, मोरीपाशी गेले, चूळ भरली आणि परत येऊन जावयाला म्हणाले की नाव छान ठेवलंय. मी पेले पुसत होते. माझ्याजवळ येऊन त्यांनी हळूच सांगितलं की तिसऱ्या नळाची नळी कोणी धुतलेली नाही, तीन महिने तरी. भांडं न घासता त्यातच रोज दूध ओतावं तसं चाललंय. पोटाला अपाय नाही, पण ती बिअरची चव नाही, नळीची आहे.

मी नवऱ्याला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर रांग मला आवडायला लागली होती.

मग ट्रस्टची नोटीस आली. आवारात अस्सल कारागीरच राहावेत म्हणून प्रत्येकानं आपापल्या धंद्याच्या मंडळाचं प्रमाणपत्र आणायचं, नाही तर करार संपेल तेव्हा शेड खाली करायची. आमचा करार सहा आठवड्यांत संपत होता. बिअरवाल्यांचं मंडळ म्हणजे 'अस्सल बिअर मंडळ', आणि त्यांचे तपासनीस महिन्याभरानं येणार होते. शेड गेली तर दुसरी जागा परवडणारी नव्हती, म्हणजे नवऱ्याला पुन्हा विमा आणि मला पुन्हा विम्यातून आलेला त्याचा संध्याकाळचा चेहरा. तो चेहरा मी सात वर्षं पाहिलाय. त्यापेक्षा दाढी परवडली.

तयारी म्हणून नवरा चार दिवसांच्या शिबिराला गेला. शिबिराचा विषय होता, यीस्टचं ऐकायला शिकणं. नेमका मला ताप भरला. निघताना तो बाबांना म्हणाला, "बाबा, दुकानावर जरा लक्ष ठेवा."

दुसऱ्या कोणाला हे सांगितलं असतं तर तो खुर्ची टाकून पेपर वाचत बसला असता. बाबांना 'लक्ष ठेवा' म्हणणं म्हणजे काय, हे मला तापातसुद्धा कळायला हवं होतं. चार दिवसांत त्यांनी तिन्ही नळ खोलले, तोट्या उकळल्या, नळ्या सोड्याच्या गरम पाण्यानं दोनदा धुतल्या, ब्रश फिरवला, साध्या पाण्यानं खळाळल्या, आणि तिसरी नळी हाताबाहेर गेलीय म्हणून काढून नवी घातली. पाचव्या दिवशी मी दुकानात आले तेव्हा ते मोरीपाशी हात पुसत उभे होते. चौतीस वर्षांत सगळ्यात घाण नळी इथं पाहिली, असं त्यांनी मला सांगितलं. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

संध्याकाळी कानटोपीवाला आला. 'विसरलेली खोली'चा घोट घेतला, डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मग पेला खाली ठेवून त्यानं नवऱ्याला अगदी हळू आवाजात विचारलं की धंदा कुठल्या कंपनीला विकला का. नवऱ्यानं घोट घेतला. बिअर स्वच्छ होती, बरी होती, आणि गोठ्याचा कुठं मागमूस नव्हता. दोन दिवसांत रांग गेली.

कारण कळल्यावर नवरा आधी बाबांवर चिडला आणि मग, आपली कीर्ती कशाची होती हे ध्यानात आल्यावर, एका पिंपावर जाऊन बसला. शिबिरात यीस्टनं त्याला ह्यातलं काही सांगितलं नव्हतं. मी मधे पडून म्हटलं की मला आधीपासून माहीत होतं. त्यामुळे थोडा वेळ तो बाबांना सोडून माझ्यावर चिडला.

बाबांना मात्र एवढंच कळलं की आपल्या हातून जावयाचं नुकसान झालं. दुसऱ्या दिवशी ते एक काचेची बरणी घेऊन आले. बरणीत थोडी बिअर आणि त्यात काढलेल्या नळीचा वीतभर तुकडा. वर चिठ्ठी: तारीख, नळ क्रमांक तीन, 'दूषित'. चूक कधी टाकून द्यायची नसते, नमुना ठेवायचा असतो, हा कारखान्याचा नियम. चार दिवस ही बरणी आईच्या फ्रिजमध्ये लोण्याशेजारी होती, आणि गुलाबाच्या साबणाबद्दल ते आईला बोलत होते.

"घाणच हवी आहे ना?" बाबांनी विचारलं. "मिळेल. पण किती हवी ते सांगा. अंदाजपंचे मी करणार नाही."

त्यानंतरचे पंधरा दिवस मी विसरणार नाही. आयुष्यभर ज्या रोगाच्या मागे हात धुऊन लागले, तो रोग बाबा आता स्वतःच्या हातानं वाढवत होते. रोज दहा वाजता सहा छोट्या बाटल्या मांडायचे. कशात बरणीतले चार थेंब, कशात दहा, कुठली उबेत, कुठली गारव्यात. मी वहीत लिहायचे. रकान्याला नाव काय द्यायचं असं मी विचारलं, तर कानटोपीवाल्याच्या लेखाचा मान राखून ते म्हणाले, 'गोठा'. गोठा एक ते गोठा दहा.

चवीच्या खोलीचा एक रिवाज होता: धाकट्यानं आधी बोलायचं. मोठ्यानं आधी आकडा सांगितला की धाकट्याची जीभ त्याच्यामागे जाते, म्हणून. तर आधी मी घोट घ्यायचे, आकडा सांगायचे, मग बाबा. पहिल्या दिवशी मी तीन म्हटलं, ते सहा म्हणाले. चौथ्या दिवशी मी पाच, ते साडेपाच. नवव्या दिवसापासून आमचे आकडे जुळायला लागले. मिठाच्या पाण्याचे पेले कशासाठी होते ते मला पस्तिसाव्या वर्षी समजलं, आणि कुणाला दिसू नये म्हणून मी वहीत डोकं घातलं.

साडेपाचावर जुनी चव सापडली. कानटोपीवाल्याला बोलावून पेला दिला. त्यानं लिहिलं, आत्मा परत आला. आत्मा बाबांनी दर सोमवारी अकरा थेंब मोजून पिंपात सोडायचा असं ठरलं. रांग परत आली.

ह्या सगळ्यात नवरा बाबांकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागला होता. एकदा त्यानं विचारलं की तुमच्या कंपनीची बिअर तुम्हाला मनापासून आवडायची का. मला वाटलं, आता वाद होणार. बाबांनी खरंच विचार केला.

"आमची बिअर कुणाला आवडावी म्हणून नव्हतीच," ते म्हणाले. "कुणाला नावडू नये म्हणून होती. तेही सोपं नाही हो. दर वर्षी जव वेगळा, पाणी वेगळं, हवा वेगळी, आणि पेला तोच. पण त्यावर कोणी भिंत रंगवत नाही." मग त्यांनी दुसऱ्या नळाचा, 'साधी'चा, पेला उचलला. "ही मात्र चांगली आहे. भाजलेल्या पावाचा वास येतो, शेवटी कडूपणा येतो आणि वेळेवर निघून जातो. बिअर येते तुम्हाला, जावईबापू. नळी तेवढी येत नाही."

नवऱ्यानं दाढी खाजवली. दुसऱ्या दिवशी तो नळी धुवायला शिकला. पहिली आणि दुसरी, अर्थात. 'साधी' पुढच्या आठवड्यात एकूण नऊ पेले खपली. त्यातले चार बाबांचे.

तपासणीला सहा दिवस उरले तेव्हा नवऱ्यानं मंडळाची नियमावली शेवटपर्यंत वाचली. असली कागदपत्रं आमच्याकडे नेहमी शेवटीच वाचली जातात. कलम सात: एकाच बिअरचे तीन वेगवेगळ्या वेळी केलेले नमुने द्यावेत आणि त्यांत हाताची खूण दिसावी, म्हणजे ते एकमेकांसारखे नसावेत. सारखेपणा हे यंत्राचं लक्षण होय. बाबांनी नुकतीच तीन पिंपं केली होती, तिन्ही साडेपाच, केसाचाही फरक नाही. त्यांना कलम वाचून दाखवलं. त्यांनी ते स्वतः पुन्हा एकदा वाचलं आणि वही मागितली.

"वेगळी म्हणजे किती वेगळी?" त्यांनी विचारलं. "थोडी, मध्यम, की दाराबाहेरून कळेल इतकी?"

साडेतीन, साडेपाच आणि सात असं ठरलं. अनिश्चितता बरोब्बर शनिवारी तयार होईल, असं बाबांनी वहीत तारखेसकट लिहायला सांगितलं.

पण खरी गोम कलम नऊमध्ये होती. गेल्या पाच वर्षांत कुठल्याही मोठ्या कारखान्याच्या नोकरीत असलेल्या माणसाचा ह्या बिअरला हात लागलेला नसावा, आणि करणाऱ्यानं अशा माणसाकडून शिक्षणही घेतलेलं नसावं. नवऱ्यानं हे मोठ्यानं वाचलं आणि कागद खाली ठेवला. बाबांना निवृत्त होऊन एक वर्ष दहा महिने झाले होते. तपासनिसांनी आडनाव विचारलं, चौकशी केली, तर अर्ज तिथंच बाद आणि शेडही बाद.

त्या दिवशी घरी थांबा, असं बाबांना सांगायचं धैर्य आम्हा दोघांनाही होईना. त्यांनीच वाट काढली. म्हणाले, नमुने ऐन वेळी कसे वागतील सांगता येत नाही, मी असायला हवा. मोरीपाशी उभा राहतो, नळ्या धुणारा म्हणून सांगा, आणि खोटंही नाही ते. नवरा खाली मान घालून म्हणाला की मग हाक मारताना तेवढं सांभाळावं लागेल. म्हणून ठरलं, त्या दिवशी मी त्यांना काका म्हणायचं. आम्ही सराव केला. मी दुकानाच्या ह्या टोकाकडून 'काका' म्हणायचे आणि ते बघायचेच नाहीत. चौथ्यांदा बघितलं, ते मागे कोण काका आलेत म्हणून.

शनिवारी तिघं आले. अध्यक्ष, मनगटात लाकडी मण्यांची माळ, आधी साबणाच्या जाहिराती करायचे असं त्यांनीच सांगितलं. एक बाई, पेल्यात नाक घालून बराच वेळ बाहेर न येणाऱ्या. आणि एक फोटोवाला. भिंत वाचून अध्यक्षांनी मान डोलावली. अक्षरांचा वेडेवाकडेपणा त्यांना फार आवडला. बाबा मोरीपाशी पाठमोरे उभे राहून एक धुतलेली नळी पुन्हा धूत होते.

तीन नमुने चाखून झाले. अध्यक्ष म्हणाले, पहिल्यात हात बिचकलाय, दुसऱ्यात सावरलाय, तिसऱ्यात बेभान झालाय. बाईंनी तिसऱ्या पेल्यातून डोकं काढून सांगितलं की असं काही ठरवून करताच येत नाही. नवरा नुसता हसला. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात फोटोवाल्याला खिडकीतला उजेड हवा होता म्हणून त्यानं टेबल सरकवलं आणि खालच्या फळीवरची वही जमिनीवर पडली. अध्यक्षांनी ती उचलली आणि उघडली. पानामागून पानं आकडे. 'गोठा ३॥. गोठा ५॥. गोठा ७. शनिवारी तयार.' त्यांचा चेहरा उतरला. आकडे ही कारखान्याची भाषा आहे, ते म्हणाले. मोजायचं यंत्र कुठं ठेवलंय ते दाखवा.

 यंत्र नाहीच, असं मी म्हटलं. मग अक्षर कुणाचं? माझं. मग मोजलं कशानं? जिभेनं. अध्यक्षांनी बाईंकडे बघितलं, बाईंनी आमच्याकडे पाठ करून तिन्ही बिअर नव्या पेल्यांत ओतल्या, जागा बदलल्या, आणि माझ्यापुढे ठेवल्या. आता सांगा, म्हणाल्या.

शेडमध्ये मोरीचं पाणी तेवढं वाहत होतं. ते थांबलं. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि काहीही खूण केली नाही. मदत करायची नाही असं नव्हतं ते. धाकट्यानं आधी बोलायचं असतं.

मी पहिला घोट घेतला. पाण्याचा. मग पेले.

"सात," मी म्हटलं. "हा साडेतीन. आणि ह्यात तुम्ही दोन मिसळल्यात, साडेपाच आणि सात. सव्वासहा होतंय."

बाईंनी मान वळवून अध्यक्षांकडे बघितलं आणि खरं आहे म्हणाल्या.  अध्यक्षांनी वही मिटली, अगदी आदरानं, दोन्ही हातांनी.

"कोणाकडून शिकलात हे?" त्यांनी विचारलं.

कलम नऊ. मोरीपाशी उभा असलेला माणूस माझ्यापासून दहा पावलांवर होता. त्याचं नाक माझ्या नाकासारखं आहे, कोणी नीट पाहिलं असतं तर तिथंच कळलं असतं. 'बाबांकडून' एवढाच शब्द होता आणि तो माझ्या तोंडात तयार होता. शेड माझ्या डोळ्यांपुढे आली, नवऱ्याचा विम्यातला चेहरा आला.

"ह्या काकांकडून," मी म्हटलं. "नळ्या धुतात आमच्याकडे."

मंडळाला अक्षरशः भरून आलं. एक साधा नळ्या धुणारा, शाळा नाही, कारखाना नाही, नुसती उपजत जाण. असं अजून कुठं उरलंय, असं बाई म्हणाल्या. अध्यक्षांनी बाबांचा ओला हात हातात घेतला आणि विचारलं, काका, तुम्ही हे कुठं शिकलात. बाबा म्हणाले, धुता धुता. फोटोवाल्यानं त्यांना ब्रश हातात देऊन भिंतीखाली उभं केलं आणि जरा थकलेले दिसा असं सांगितलं. बाबा होते तसेच उभे राहिले. त्यांच्या डोक्यावर 'कारखान्यात बनतं ते पेय' एवढंच चौकटीत आलं.

प्रमाणपत्र तिथंच मिळालं. तिघं गेल्यावर नवऱ्यानं दार लावलं आणि भिंतीकडे बघत उभा राहिला. मी बाबांपाशी गेले. आयुष्यात माफी मागायची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, मिसळलेलं कशावरून ओळखलंस. मी म्हटलं, कडूपणा दोनदा आला. त्यांनी मान हलवली.

"मला सहाच वाटलं असतं," बाबा म्हणाले. "तुझं बरोबर होतं."

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं भिंत पुसायला घेतली. मीच थांबवलं त्याला. ती भिंत आता मंडळाच्या पुस्तिकेत छापून येणार होती, पुसली तर चौकशी झाली असती.

करार झाला. आता आवार बघायला लोक गाड्या करून येतात. मेणबत्तीवाली त्यांना आमच्याकडे पाठवते, जा, नळ्या धुणारे काका बघून या म्हणून. बाबा दहाला येतात. सोमवारी अकरा थेंब मोजतात, मग तिसऱ्या नळाचा घोट घेतात, मी आकडा सांगते, ते सांगतात, मी लिहिते, ते चूळ भरतात. मग 'साधी'चा पेला घेऊन खिडकीपाशी बसतात आणि तो सावकाश, शेवटपर्यंत पितात. कोणी फोटो मागितला तर ब्रश हातात घेतात.

मी दुकानात त्यांना काका म्हणते. आता पहिल्या हाकेला बघतात. कलम नऊची पाच वर्षं पूर्ण व्हायला अजून दोन वर्षं आणि अकरा महिने आहेत. तारीख मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलीय. त्या दिवशी दुकान भरलेलं असताना मी त्यांना बाबा म्हणून हाक मारणार आहे.